भागावयाचें कशानें? शेतकऱ्याच्या नित्याच्या हिशेबांविषयीं

हंगाम आटोपून माल घरांत किंवा बाजारांत गेला, म्हणजे बहुतेक शेतकऱ्यांच्या घरीं एखाद्या संध्याकाळीं वही निघते. बियाणें, खत, औषधें, मजुरी, नांगरट व वाहतूक या रकमा एकाखालीं एक मांडल्या जातात, आणि बेरीज बहुधा बिनचूक होते. आमच्या वाचकांस बेरीज, वजाबाकी व गुणाकार शिकविण्याची गरज आहे असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. शिवाय खिशांतला मोबाईल तें काम आतां क्षणांत करून देतो. तरीही अशा बिनचूक हिशेबांवर घेतलेले निर्णय वर्षानुवर्षें चुकत राहतात, व त्याचा भुर्दंड घरास सोसावा लागतो.

याचें कारण आमच्या समजुतीप्रमाणें असें कीं, चूक बहुधा भागाकारांत होते. आणि तीही भागण्याच्या कृतींत नव्हे, तर कशानें भागावयाचें हें ठरविण्यांत. अपूर्णांकाच्या खालच्या आंकड्यास आपण शाळेंत छेद म्हणत असूं. हा छेद कोणता घ्यावयाचा हें मोबाईल सांगत नाहीं. तें ज्याच्या त्यानेंच ठरवावें लागतें. यासाठीं नेहमींच्या व्यवहारांतील सहा हिशेब आम्ही पायरीपायरीनें येथें मांडीत आहों. उदाहरणांतील आंकडे समजण्याच्या सोईसाठीं घेतले आहेत. वाचकांनीं कागद-पेन्सिल घेऊन बसावें आणि आमचे आंकडे समजल्यावर त्यांच्या जागीं आपल्या वहींतील आंकडे घालून पाहावे.

१. क्षेत्र

एकरी उत्पन्न, एकरी खर्च, हेक्टरी बियाणें या सर्वांत छेद एकच, तो म्हणजे क्षेत्र. तेंच चुकलें तर पुढचें सर्व चुकलें. जुन्या मुंबई इलाख्यांत मोजणीची साखळी ३३ फुटांची असे, आणि ३३ फूट लांब व तितकाच रुंद चौरस म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आतां सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत असतें. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा त्याहून किंचित मोठा, म्हणजे १०१ चौरस मीटरांहून थोडा अधिक. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर, अथवा जवळजवळ ९९ गुंठे.

शेताचे चारी बांध असमान असले म्हणजे समोरासमोरच्या दोन बांधांची सरासरी काढावयाची व त्या दोन सरासरींचा गुणाकार करावयाचा, अशी एक सोपी रीत प्रचारांत आहे. ती तपासून पाहूं. समजा, शेताचे कोपरे अ, ब, क, ड असे क्रमानें आहेत. अब हा बांध १६० मीटर, बक १२० मीटर, कड १०० मीटर आणि डअ १३४ मीटर.

पहिली पायरी: अब व कड यांची सरासरी १३० मीटर.
दुसरी पायरी: बक व डअ यांची सरासरी १२७ मीटर.
तिसरी पायरी: १३० गुणिले १२७, म्हणजे १६,५१० चौरस मीटर.

आतां खरी रीत पाहा. अ पासून क पर्यंत शेताच्या आंतून दोरी ताणावी. हा कर्ण २०० मीटर भरला. मग ब कोपऱ्यापासून या दोरीपर्यंतचें सर्वांत जवळचें अंतर मोजावें. त्यासाठीं टेपाचें एक टोंक कोपऱ्यावर धरून दुसरें टोंक दोरीच्या बाजूनें इकडे-तिकडे फिरवावें. ज्या जागीं आंकडा सर्वांत कमी येतो तोच लंब. ब चा लंब ९६ मीटर व ड चा लंब ६० मीटर आला. दोन लंबांची बेरीज १५६. तिला २०० नें गुणून निमपट केली म्हणजे १५,६०० चौरस मीटर, अर्थात् १ हेक्टर ५६ आर.

फरक ९१० चौरस मीटरांचा, म्हणजे नऊ गुंठ्यांचा पडला. सरासरींच्या गुणाकाराची ही रीत काटकोनी शेताखेरीज इतर कोणत्याही चौकोनांत क्षेत्र नेहमीं जास्तच दाखविते, कधींही कमी दाखवीत नाहीं; आणि शेत जितकें तिरकें तितकी चूक मोठी. नांगरट, पेरणी, मळणी एकराच्या दरानें करून घेणाऱ्यास या नऊ गुंठ्यांचे पैसे दरखेपेस जादा द्यावे लागतात. शिवाय त्याच शेतांत ३१ क्विंटल माल झाला असेल, तर खऱ्या क्षेत्रानें भागल्यास एकरी आठ क्विंटल येतो व फुगविलेल्या क्षेत्रानें भागल्यास साडेसात. शेत चांगलें असूनही वहींत तें वाईट ठरतें.

२. सरासरी

एका शेतकऱ्याचीं दोन शेतें आहेत. विहिरीजवळच्या एक एकरांत १२ क्विंटल गहूं झाला आणि माळाच्या चार एकरांत एकरी ७ क्विंटल झाला. सरासरी किती? बारा आणि सात एकोणीस, भागिले दोन, म्हणजे साडेनऊ, असें उत्तर चटकन् तोंडांत येतें. पण येथें आपण शेतांच्या संख्येनें भागलें. एकरी सरासरी हवी असेल तर एकरांनीं भागलें पाहिजे.

पहिली पायरी: एकूण माल काढा. १२ अधिक २८, म्हणजे ४० क्विंटल.
दुसरी पायरी: एकूण क्षेत्र काढा. १ अधिक ४, म्हणजे ५ एकर.
तिसरी पायरी: ४० भागिले ५, म्हणजे एकरी ८ क्विंटल.

साडेनऊच्या आंकड्यावर पुढील वर्षाचा अंदाज बांधणारा ४७ क्विंटलांहून अधिक मालाच्या भरंवशावर देणीं ठरवील, आणि हातीं येतील ४०. हाच नियम भावासही लागू आहे. थोडा माल चढ्या भावानें व पुष्कळ माल पडत्या भावानें विकला असेल, तर दोन भावांची निमपट म्हणजे आपणांस पडलेला भाव नव्हे. आलेली एकूण रक्कम एकूण क्विंटलांनीं भागावी.

३. उधारी

व्याजाच्या हिशेबांत छेद दोन असतात: एक मुद्दल व दुसरा काळ. काळाचा विसर पडला कीं महाग कर्ज स्वस्त वाटूं लागतें. समजा, खताची एक पिशवी रोखीनें १,३५० रुपयांस मिळते व पांच महिन्यांच्या उधारीवर १,५०० रुपयांस. दुकानदार व्याजाचें नांवही काढीत नाहीं, आणि आपणही दीडशें रुपये म्हणजे किरकोळ बाब समजतों.

पहिली पायरी: जादा रक्कम १५० रुपये.
दुसरी पायरी: ती रोख किमतीनें भागा, उधारीच्या किमतीनें नव्हे; कारण उसनवार मिळाले ते १,३५० रुपये. १५० भागिले १,३५० म्हणजे दरशेकडा ११.१.
तिसरी पायरी: हें पांच महिन्यांचें झालें. पांचानें भागून बारानें गुणा. वर्षाचा दर दरशेकडा २६.७ होतो.

जुन्या काळीं दाणे उसने घेतांना सवाईचा करार होत असे. एका मणाचा सवा मण परत करावयाचा. सुगी चार महिन्यांवर असेल तर ही पंचवीस टक्क्यांची वाढ चार महिन्यांची झाली, म्हणजे वर्षाला पंचाहत्तर टक्के. महिना शेकडा तीन म्हणजे वर्षाचे छत्तीस. सोसायटीचें किंवा बँकेचें कर्ज काढावयाचें कीं दुकानाची उधारी घ्यावयाची, हा प्रश्न पुढें आला असतां दोन्ही दर अगोदर वर्षाच्या एकाच मापावर आणावे आणि मगच तुलना करावी. कागदपत्रांचा व हेलपाट्यांचा खर्च असेल तर तोही जादा रकमेंत धरावा.

४. ओलावा

सोयाबीनचा ओलावा १८ टक्के असतांना माल विकावा कीं वाळवून १२ टक्क्यांवर आणून विकावा, हा प्रश्न काढणीनंतर हमखास उभा राहतो. हमीभावाच्या खरेदींत साधारणतः १२ टक्क्यांची मर्यादा धरली जाते. बहुतेकांचा हिशेब असा असतो: अठरांतून बारा गेले, राहिले सहा, म्हणून १० क्विंटलांत ६० किलो तूट. हा हिशेब चुकीचा आहे, कारण १८ टक्के हे ओल्या मालाचे आणि १२ टक्के हे वाळलेल्या मालाचे. दोहोंचे छेद निराळे असल्यामुळें त्यांची थेट वजाबाकी करतां येत नाहीं. वाळवतांना जें बदलत नाहीं तें धरून चालावें, आणि तें म्हणजे कोरडें द्रव्य.

पहिली पायरी: १,००० किलो मालांत १८ टक्के पाणी, म्हणून कोरडें द्रव्य ८२० किलो.
दुसरी पायरी: वाळल्यावर हेंच ८२० किलो एकूण वजनाच्या ८८ टक्के होईल.
तिसरी पायरी: ८२० भागिले ०.८८, म्हणजे ९३२ किलो.

तूट ६८ किलोंची झाली. आतां ओल्या मालास क्विंटलला ४,००० रुपये भाव मिळत असेल, तर १० क्विंटलांचे ४०,००० रुपये होतात. हीच रक्कम ९.३२ क्विंटलांतून येण्यास वाळलेल्या मालाचा भाव निदान ४,२९२ रुपये पाहिजे. त्यावर वाळविण्याची मजुरी व पुन्हां भरण्याचा खर्च चढवावा. त्याहून अधिक भाव मिळत असेल तरच वाळविणें किफायतशीर. एरव्हीं चार दिवस उन्हांत राबून हातीं कांहींच उरत नाहीं. आणि ओला माल घरांत ठेवून त्यास बुरशी लागूं देणें हें तर सर्वांत महाग.

५. पीकविम्याची भरपाई

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून चालू आहे. पीक कापणी प्रयोगांवर आधारलेली भरपाई हातीं येते तेव्हां गांवोगांव एकच तक्रार ऐकूं येते: ‘माझें पीक बारा आणे गेलें, मग पैसे एवढेच कसे?’ या तक्रारींत खरें दुःख असतें यांत शंका नाहीं. कांहीं ठिकाणीं नोंदींतही चूक असूं शकेल. परंतु चूक आहे कीं नाहीं हें ठरविण्यापूर्वीं हिशेब कसा होतो हें समजून घेतलें पाहिजे.

येथें छेद आपल्या शेताचा नसून विमा क्षेत्राचा, म्हणजे बहुधा महसूल मंडळाचा असतो. समजा, एका मंडळांत सोयाबीनचें मागील सात वर्षांचें हेक्टरी उत्पन्न किलोंत असें आहे: १,२४०, १,३१०, ६२०, १,१८०, १,४००, ८७०, १,२७०.

पहिली पायरी: सातांतील उत्तम पांच वर्षें घ्या. ६२० व ८७० हीं वर्षें गळालीं. उरलेल्या पांचांची बेरीज ६,४०० व सरासरी १,२८०.
दुसरी पायरी: जोखीमस्तर ७० टक्के असेल तर १,२८० चे ७० टक्के, म्हणजे ८९६ किलो. हें उंबरठा उत्पन्न.
तिसरी पायरी: यंदा मंडळाचें उत्पन्न ७०० किलो निघालें असें धरूं. तूट ८९६ उणे ७००, म्हणजे १९६ किलो.
चौथी पायरी: ही तूट उंबरठा उत्पन्नानें भागा. १९६ भागिले ८९६, म्हणजे सुमारें २१.९ टक्के.
पांचवी पायरी: विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये असेल तर भरपाई सुमारें १०,९४० रुपये.

ज्याच्या शेतांत हेक्टरी ३०० किलो निघाले त्यासही इतकेच, आणि ज्याच्या शेतांत १,००० निघाले त्यासही इतकेच. म्हणून केवळ आपल्या शेताची नुकसानी पाहून विम्याच्या भरंवशावर उसनवारी करणें धोक्याचें आहे. जोखीमस्तर व संरक्षित रक्कम त्या त्या हंगामाच्या अधिसूचनेंत दिलेली असते, ती पाहून वरील पांच पायऱ्या आपण स्वतः कराव्या. आलेली रक्कम या उत्तराशीं जुळत नसेल तर आंकड्यांसह अर्ज करावा. ‘फार कमी आले’ म्हणणाऱ्या अर्जापेक्षां ‘तिसऱ्या पायरींत फरक पडतो’ म्हणणारा अर्ज नाकारणें कठीण असतें.

मंडळाचें उत्पन्न काढण्यासाठीं चिठ्ठ्या टाकाव्या त्या न्यायानें शेतें निवडून ठराविक मापाचा तुकडा कापून त्याचें धान्य मोजतात. या प्रयोगामागील शास्त्र उभारण्यांत सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ सालीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा होता. कापणीसाठीं अगदीं लहान तुकडा घेतला तर कडेचीं झाडें आंत ओढलीं जातात व उत्पन्न खऱ्याहून अधिक दिसतें, या दोषाकडे त्यांनीं १९४६ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांतून लक्ष वेधलें. पाहा, येथेंही चूक छेदाचीच: धान्य आलें मोठ्या तुकड्याचें, आणि भागलें गेलें लहान तुकड्यानें. म्हणून आपल्या गांवीं प्रयोग होत असेल तेव्हां तेथें हजर राहावें आणि तुकड्याचें माप दोरीनें नीट आखलें जातें कीं नाहीं हें पाहावें. त्या दोरीवर साऱ्या मंडळाची भरपाई अवलंबून असते.

६. नवें बियाणें

अर्ध्या शेतांत नवें व अर्ध्यांत जुनें वाण पेरलें, नव्यांत अधिक माल आला, आणि पुढील वर्षीं सर्व शेत नव्या वाणाखालीं गेलें, असें पुष्कळदां होतें. पण तो अर्धा भाग मुळांतच कसदार नव्हता कशावरून? इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड येथें १८४३ पासून खतांचे प्रयोग चालू होते. तेथें १९१९ सालीं गेलेले रोनाल्ड फिशर यांनीं या प्रश्नाचें उत्तर दिलें. त्यांचें सांगणें असें कीं, तुलना एकदां न करतां अनेक वेळां करावी, आणि कोणत्या तुकड्यांत काय पेरावयाचें हें आपल्या मनानें न ठरवितां नशिबावर सोंपवावें. पुढें १९५४ सालीं भारतीय कृषि अनुसंधान परिषदेनें प्रसिद्ध केलेल्या डॉ. वि. गो. पानसे व डॉ. सुखात्मे यांच्या इंग्रजी ग्रंथानें ही विद्या आपल्या देशांतील शेतकी कार्यकर्त्यांच्या हातीं दिली.

शेतकऱ्यानें हें असें करावें. शेजारशेजारच्या पट्ट्यांच्या सहा जोड्या आखाव्या. प्रत्येक पट्टा पांच आरांचा. प्रत्येक जोडींत नाणें उडवून कोणत्या पट्ट्यांत नवें वाण पेरावयाचें तें ठरवावें. समजा, हरभऱ्याचें उत्पन्न किलोंत असें आलें. पहिला आंकडा नव्याचा, दुसरा जुन्याचा: ५२ व ४७. ४९ व ४६. ५५ व ५१. ४४ व ४५. ५० व ४६. ५३ व ४८.

पहिली पायरी: फरक मांडा. ५, ३, ४, उणे १, ४, ५. बेरीज २०.
दुसरी पायरी: जोड्यांच्या संख्येनें भागा. पट्ट्यास ३.३ किलो, म्हणजे हेक्टरी सुमारें ६७ किलो अधिक. बियाण्याचा जादा खर्च या ६७ किलोंच्या किमतीहून कमी आहे काय, हें पाहावें.
तिसरी पायरी: हें केवळ दैवयोगानें घडलें असण्याचा संभव किती? दोन्ही वाणें सारखींच असतीं तर प्रत्येक जोडी म्हणजे एक छापा-काटा. सहा वेळां नाणें उडविल्यास ६४ प्रकार संभवतात. त्यांत सहाही छापे येण्याचा प्रकार एक, व पांच येण्याचे प्रकार सहा, एकूण सात. चौसष्टांत सात, म्हणजे नऊ वेळांत सुमारें एक वेळ.

नवांत एक हा संभव कांहीं क्षुल्लक नव्हे. एवढ्यावर सर्व शेत बदलूं नये. दुसऱ्या वर्षीं पुन्हां सहा जोड्या पेराव्या. दोन वर्षांच्या बारा जोड्यांपैकीं दहा किंवा अधिक जोड्यांत नवें वाण सरस ठरलें, तर केवळ दैवयोगानें तसें होण्याचा संभव बावन्नांत एक इतका उतरतो, आणि तेव्हां विश्वासानें पाऊल टाकावें. मात्र हरलेली जोडी वहींतून गाळूं नये. शेजाऱ्यांच्या गोष्टींतून आपणांस यशाचाच अंश ऐकूं येतो. किती जणांनीं पेरलें व किती जणांचें फसलें, हा छेद कोणी सांगत नाहीं.

शेवटची सूचना एकच. वहींतील प्रत्येक आंकड्यापुढें तो कशामागें आहे हें लिहावें: एकरामागें, क्विंटलामागें, महिन्यामागें, कीं मंडळामागें. दोन आंकड्यांची तुलना करण्यापूर्वीं त्यांचा हा मागचा शब्द एकच आहे काय हें पाहावें. नसेल तर आधीं तो एक करून घ्यावा. या संवयीस खर्च नाहीं व फारसें शिक्षणही लागत नाहीं. ही वही घरांतील मुलामुलींस लिहावयास द्यावी, म्हणजे त्यांचें गणित पक्कें होईल आणि शेतीचा व्यवहार त्यांस लवकर कळूं लागेल. वाचकांनीं येत्या हंगामापूर्वीं निदान पहिला हिशेब तरी करून पाहावा. आपलें शेत खरोखर किती आहे, हें बांधावर टेप धरून स्वतः मोजावें. पुढचे सर्व हिशेब त्या एका आंकड्यावर उभे राहावयाचे आहेत.